कॅम्पात तंबू कुठे आहेत?

कर्जत लोकलने पहिल्यांदाच उल्हासनगरला उतरलेल्या माणसाला रिक्षावाला एकच प्रश्न विचारतो, “किती नंबर?” हा नंबर घराचा नसतो, कॅम्पाचा असतो. एक, दोन, तीन, चार किंवा पाच. पाहुण्याच्या डोक्यातला कॅम्प म्हणजे ओळीने ठोकलेले तंबू, एनसीसीची पोरं आणि रात्रीची शेकोटी. इथे उतरून बघावं तर फर्निचरची दुकानं, जीन्स शिवणाऱ्यांचे गाळे, पापडांचे ढीग आणि चारचार मजली इमारतींच्या मधून जेमतेम जाणारी रिक्षा. 2011 च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या 5 लाखांच्या वर मोजली गेली. ज्याच्या अर्थातच ‘चार दिवस राहा आणि उठा’ असं आहे, तो शब्द एवढ्या मोठ्या, पक्क्या वस्तीला कसा चिकटला?

उत्तराचं एक टोक कल्याणच्या आसपास सापडतं, दुसरं रोममध्ये. जवळचं आधी पाहू.

1. पाच नंबर आले कुठून

दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने कल्याणजवळच्या माळरानावर लष्कराची एक मोठी वसाहत उभी केली. तिचं नाव कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प. ‘ट्रान्झिट’ लॅटिनच आहे: ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे, ‘इरे’ म्हणजे जाणे. पुढच्या मुक्कामाला निघालेल्या सैनिकांनी मध्ये थांबायची ही जागा. तिथे दोन हजारांहून जास्त बॅरेकी होत्या. मधे लांबलचक दिवाणखाना आणि दोन्ही टोकांना खोल्या, अशी बहुतेकांची रचना. युद्ध संपलं, फौज गेली आणि बॅरेकी ओस पडल्या.

मग 1947 आलं. सिंधमधून निघालेली हिंदू कुटुंबं मुंबई बंदरात उतरली, रेल्वेने आली, आणि त्यांतल्या सुमारे एक लाख माणसांना या रिकाम्या बॅरेकींमध्ये जागा मिळाली. सैनिकांसाठी बांधलेल्या एका लांब दालनात कित्येक संसार. मधे भिंत नाही, तर गोणपाटाचा नाहीतर साडीचा पडदा. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली आणि शेजारून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून त्याचं नाव उल्हासनगर झालं. 1954 मध्ये विस्थापितांच्या भरपाईचा आणि पुनर्वसनाचा कायदा झाला. त्याखाली मिळणाऱ्या मालकीच्या कागदाला उल्हासनगरात ‘सनद’ म्हणतात, आणि घराच्या खरेदीविक्रीची बोलणी अजूनही ‘सनद आहे का?’ या प्रश्नाशी येऊन थांबतात.

सरकारी कागदावर नगर आलं, तोंडातून मात्र कॅम्प गेला नाही. इथला जुन्या वळणाचा एखादा पत्ता जवळून पाहा: ‘बॅरेक नंबर अमुक, रूम नंबर तमुक, सेक्शन 17, उल्हासनगर 3’. त्यातला ‘सेक्शन’ लॅटिन ‘सेकारे’ म्हणजे कापणे यावरून आला. जागेचा कापून काढलेला तुकडा. ‘नंबर’ लॅटिन ‘नुमेरुस’चा नातू. ‘रूम’ इंग्रजीच्या जर्मन घराण्यातला. ‘बॅरेक’ फ्रेंचमधून आली, तिच्याआधी इटालियन-स्पॅनिश भागात ‘बर्राका’ म्हणजे सैनिकाची झोपडी होती, त्यापलीकडे तिचा माग निश्चित लागत नाही. शेवटच्या तीनच्या आकड्यामागे न लिहिता लपलेला आहे तो ‘कॅम्प’. पत्ता एका ओळीचा, पण अर्धा युरोप त्यात येऊन बसला आहे.

2. काम्पुस, म्हणजे नुसतं मैदान

‘कॅम्प’चा मूळ पुरुष लॅटिन ‘काम्पुस’. अर्थ अगदी साधा: सपाट, मोकळी जमीन. तंबू नाही, सैनिक नाही, विद्यार्थी तर नाहीतच. गवताचं माळरान असो, पिकाचं शेत असो, नाहीतर नदीकाठची पटांगणासारखी जागा असो, सगळं काम्पुस.

रोमन माणूस नुसतं ‘काम्पुस’ म्हणाला तर मात्र त्याच्या मनात बहुधा एकच जागा असे: टायबर नदीच्या वळणात पसरलेलं ‘काम्पुस मार्टियुस’, युद्धदेव मार्सचं मैदान. ते शहराच्या पवित्र वेशीबाहेर होतं आणि त्याला कारण होतं. शस्त्रधारी फौजेने वेशीच्या आत यायचं नाही, असा रोमचा जुना दंडक होता. त्यामुळे फौजेची जमवाजमव, कवायत, तरुणांची घोडदौड आणि कुस्ती, सगळं वेशीबाहेर या मैदानात चाले. शिरगणतीही तिथेच होई.

मतदानसुद्धा तिथेच. रोमच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांची निवड करणारी सभा मूळची सैन्याच्या तुकड्यांनुसार भरणारी होती, म्हणून तीही वेशीबाहेर. मतदारांना रांगेत सोडण्यासाठी तिथे कुंपणं घातलेली असत आणि रोमन लोक त्या जागेला चक्क ‘मेंढवाडा’ म्हणत. निवडणुकीला उभा राहणारा माणूस खडूने उजळलेला पांढरा शुभ्र झगा घालून लोकांत फिरे. पांढऱ्याशुभ्रला लॅटिनमध्ये ‘कांदिदुस’, म्हणून तो ‘कॅन्डिडेट’. आपल्याकडच्या उमेदवारांचे कडक इस्त्रीचे पांढरे कपडे पाहून ही गोष्ट आठवायला हरकत नाही, पण तो योगायोग आहे. खादीने रोमकडून काही घेतलेलं नाही.

म्हणजे एकाच मैदानावर लोक जमत, लढायला शिकत, खेळत, मोजले जात आणि मत देत. पुढे या शब्दाच्या लेकरांना जे जे अर्थ चिकटले ते जमिनीचे नाहीत. त्या जमिनीवर माणसं काय करत होती, त्याचे आहेत.

मराठीतही मैदानाचं असंच झालं आहे. ‘मैदान’ हा फारसीतून आलेला शब्द. पण ‘मैदान मारलं’ म्हणताना आपण जागेबद्दल बोलत नसतो, जिंकण्याबद्दल बोलत असतो. ‘निवडणुकीच्या मैदानात उतरले’ म्हणताना कोणी खरोखर कुठे उतरत नाही. संस्कृत ‘क्षेत्र’ म्हणजे आधी शेत, आणि कुरुक्षेत्र म्हणजे रणांगण.

3. मग रोमन फौज राहायची कुठे?

इथे एक गंमत आहे. रोमन सैन्याच्या तळाला ‘काम्पुस’ म्हणतच नसत. त्याला शब्द होता ‘कास्त्रा’. मोहिमेवर असलेली फौज रोज संध्याकाळी थांबली की खंदक खणून, मातीचा बांध घालून कास्त्रा उभा करी. आखणी ठरलेली: मधे सेनापतीचा तंबू, त्याच्यासमोरून सरळ रस्ते, कोणत्या तुकडीने कुठे राहायचं तेही पक्कं. देश कोणताही असो, सैनिकाला अंधारातही आपला तंबू सापडे.

काही कास्त्रा उठलेच नाहीत. फौज वर्षानुवर्षं राहिली, बाहेर बाजार बसला, सैनिकांनी घरं केली. इंग्लंडच्या नकाशावर मॅंचेस्टर, विंचेस्टर, लँकेस्टर, डॉनकॅस्टर अशी गावं दिसतात. त्यांच्या शेपटातलं ‘चेस्टर’ किंवा ‘कॅस्टर’ म्हणजे हाच कास्त्रा. चेस्टर नावाचं तर अख्खं शहरच आहे. अर्थाने पाहिलं तर उल्हासनगरचे खरे सख्खे भाऊ हे. लष्कर निघून गेलं, आखणी राहिली, तिच्यावर गाव वसलं. ‘कॅसल’, म्हणजे किल्ला, हाही याच शब्दाच्या धाकट्या रूपातून निघाला.

रोमन साम्राज्य मोडल्यावर कास्त्रा हा शब्द गावांच्या नावांत गोठून गेला, आणि तळाचा अर्थ पुढे कधीतरी मैदानाच्या शब्दाने, काम्पुसने, उचलला. फौज मैदानात उतरते, मैदानातच झोपते. जागेचं नाव मुक्कामाला लागलं.

4. एकाच शब्दाला ‘क’ आणि ‘च’

कॅम्प, कॅम्पस, कॅम्पेन या शब्दांत ‘क’ आहे. चॅम्पियन आणि शॅम्पेन त्यांच्याच घरातले, पण एकात ‘च’ आणि दुसऱ्यात ‘श’. असं का?

मुंबईहून सुटलेला मार्ग कल्याणला दुभंगतो. एक फाटा कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे. लॅटिन शब्दांचंही तेच झालं. इटलीकडच्या फाट्यावर ‘का’ तसाच टिकला. पॅरिसकडच्या फाट्यावर ‘का’चा ‘चा’ झाला आणि पुढे फ्रेंचांनी तो ‘शा’ केला. काम्पुसचं इटालियन रूप ‘काम्पो’, तर फ्रेंच रूप ‘शां’. पॅरिसमधल्या प्रसिद्ध शांझेलिझे रस्त्याच्या नावात तोच शब्द आहे. आणि उल्हासनगर जसं दोन्ही फाट्यांच्या बेचक्यात आहे, शहाड कसाऱ्याच्या वाटेवर आणि विठ्ठलवाडी कर्जतच्या वाटेवर, तशी इंग्रजी या दोन्ही वाटांवरून माल घेणारी.

एक उदाहरण करून पाहू. बोलीभाषेतल्या लॅटिनमध्ये घोड्याला ‘काबाल्लुस’ म्हणत. इटालियन वाटेने त्याचं झालं ‘कॅव्हलरी’, म्हणजे घोडदळ. फ्रेंच वाटेने झालं ‘शिव्हलरी’, म्हणजे घोडेस्वार सरदारांची रीतभात, दाक्षिण्य. घोडा तोच. आता काम्पुस घ्या. जुन्या फ्रेंच वाटेने इंग्रजीत चॅम्पियन आला. ‘कॅम्प’ मात्र फ्रेंचांनी बहुधा इटालियनकडून नव्याने घेतला, म्हणून त्यातला ‘क’ शाबूत राहिला, आणि सोळाव्या शतकात तो इंग्रजीत पोचला.

हे परकं वाटत असेल तर आपल्या दाराशीच पाहा. संस्कृत ‘क्षेत्र’ हिंदीच्या वाटेने ‘खेत’ झालं, मराठीच्या वाटेने ‘शेत’. आणि अर्थही मैदान-शेताचाच.

चॅम्पियनबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘काम्पिओ’ म्हणजे मैदानात उतरून लढणारा. मध्ययुगीन युरोपात काही खटल्यांचा निकाल द्वंद्वाने लावत. जो जिंकेल त्याची बाजू खरी. म्हातारे, बायका, धर्मगुरू यांना स्वतः लढता येत नसे, मग ते आपल्या वतीने माणूस उभा करत, बऱ्याचदा पैसे देऊन. तो त्यांचा ‘चॅम्पियन’. म्हणजे हा शब्द आधी वकिलाच्या जवळचा, पहिलवानाच्या नंतरचा. एखाद्या कार्यकर्त्याला इंग्रजी वर्तमानपत्रं गरिबांचा ‘चॅम्पियन’ म्हणतात तेव्हा हा जुना अर्थच बोलत असतो. सोसायटीच्या कॅरम स्पर्धेतला चॅम्पियन ही फार पुढची पायरी.

शॅम्पेनचं थोडक्यात: मोकळ्या सपाट मुलखाला उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘काम्पानिया’ म्हणत. फ्रान्सच्या ईशान्येकडच्या अशाच एका मुलखाचं नाव शॅम्पेन पडलं आणि तिथल्या फेसाळत्या दारूला मुलखाचं नाव मिळालं. मशरूमला फ्रेंचमध्ये ‘शांपिन्यों’ म्हणतात तेही शेतामाळावर उगवतं म्हणून.

जर्मन लोकांनी मात्र फार आधीच, रोमन फौजांशी झुंजताना, हा शब्द उचलला होता. त्यांना मैदान दिसलं ते लढाईचं. म्हणून जर्मन ‘काम्फ’चा अर्थ थेट झुंज, लढा. जुन्या इंग्रजीतही ‘कॅम्प’ म्हणजे लढाई होती. तो शब्द मेला, आणि काही शतकांनी तोच फ्रेंच पोशाखात परत आला तेव्हा त्याचा अर्थ मुक्काम झाला होता.

5. पावसाची छावणी, थंडीची छावणी

या घराण्यातला मराठी वाचकाला सर्वांत ओळखीचा वाटावा असा शब्द ‘कॅम्पेन’. निवडणूक जवळ आली की उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत तो रोज कानावर पडतो. इटालियन ‘काम्पान्या’ म्हणजे उघडा मुलूख, शेतामाळाचा प्रदेश. त्याचा प्रचाराशी संबंध काय?

संबंध ऋतूचा आहे. युरोपात हिवाळ्यात लढाई करणं अवघड. बर्फ, चिखल, घोड्यांना चारा नाही. त्यामुळे फौजा थंडीभर गावांत, पक्क्या निवाऱ्यात राहत आणि ऋतू पालटला की मोकळ्या मुलखात बाहेर पडत. रोमनांकडे हिवाळी तळाला आणि उन्हाळी तळाला वेगवेगळे शब्दच होते. मोकळ्या मुलखात असण्याचा तो काळ म्हणजे ‘कॅम्पेन’. मुलखाचं नाव ऋतूला मिळालं, ऋतूचं लढाईला, आणि लढाईचं मतांच्या मोहिमेला.

मराठेशाहीत हेच चक्र होतं, फक्त बर्फाच्या जागी पाऊस होता. जूनपासून नद्या दुथडी, वाटा चिखलाच्या, तोफा रुतणार, दारूगोळा भिजणार. म्हणून फौज छावणी करून राहायची. ‘छावणी’ या शब्दातच छावणं आहे, म्हणजे छप्पर घालणं. छपराखाली राहणं म्हणजे छावणी. आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेला निघायचं. आज आपण आपट्याची पानं वाटतो, तेव्हा त्या दिवशी घोड्यांना खोगीर चढायचं. ‘मोहीम’ अरबीतून आलेला शब्द, मूळ अर्थ महत्त्वाचं काम. तो सैन्याबरोबर फिरला आणि आता पल्स पोलिओ मोहीम, स्वच्छता मोहीम, प्रचार मोहीम असा फिरतो आहे. कॅम्पेनने जो रस्ता युरोपात कापला तोच मोहिमेने इथे कापला, एकमेकांचा पत्ताही नसताना.

एवढ्यावर थांबवत नाही, कारण तळाच्या सगळ्याच शब्दांचं मराठीत असं झालेलं आहे. ‘शिबिर’ संस्कृतात सैन्याचा तळ. आज शिबिर म्हटलं की रक्तदान, नेत्रतपासणी, संस्कार वर्ग. छावणी आज मराठवाड्यात किंवा माणदेशात कोणी उच्चारली तर डोळ्यांपुढे दुष्काळातली चारा छावणी येते, जनावरं आणि उसाचं वाढं. ‘गोट’ म्हणजे फौजेचा तळ. आज तो फक्त राजकीय बातम्यांत उरला आहे, ‘विरोधकांच्या गोटात खळबळ’. इंग्रजी बातमीदार इथे ‘कॅम्प’च लिहितो. आणि तुर्की ‘ओर्दू’ म्हणजे छावणी, जिच्यावरून एका भाषेला उर्दू हे नाव मिळालं आणि इंग्रजीला झुंडीसाठी ‘होर्ड’ हा शब्द. सैनिकांनी एवढे शब्द घडवले, पण त्यांना शेवटपर्यंत स्वतःकडे ठेवता आले नाहीत.

छावणीचं गाव होण्याला तर महाराष्ट्रात जुना दाखला आहे. औरंगजेबाने 1695 ते 1699 या काळात सोलापूर जिल्ह्यात, भीमेकाठी ब्रह्मपुरीला तळ दिला होता. चार वर्षं बादशहाचा दरबार तिथून चालला आणि मोगलांनी त्या जागेला इस्लामपुरी असं नावही दिलं. बादशहा गेला आणि नावही गेलं. गावाला आज ब्रह्मपुरीच म्हणतात.

6. चेहरा सारखा, नातं नाही

इतकं वाचल्यावर जिथे ‘कॅम्प’ दिसेल तिथे काम्पुस शोधायचा मोह होतो. तो आवरायला हवा. ‘कॅम्फर’ म्हणजे कापूर. त्याच्या मुळाशी काम्पुस नाही, आपल्या ‘कर्पूर’चं कूळ आहे, अरबी ‘काफूर’ करत युरोपात गेलेलं. मेंदूतला ‘हिप्पोकॅम्पस’ ग्रीक आहे: हिप्पोस म्हणजे घोडा, काम्पोस म्हणजे समुद्रातला अक्राळविक्राळ प्राणी. स्कॉटलंडचं ‘कॅम्पबेल’ हे आडनाव तिथल्या गेलिक भाषेतलं, ‘वाकड्या तोंडाचा’ अशा अर्थाचं.

सर्वांत फसवा ‘कंपाउंड’. दवाखान्यातल्या कंपाउंडरचा शब्द लॅटिन आहे, ‘कोम्पोनेरे’, एकत्र ठेवणे, औषधं मिसळणे. पण बंगल्याभोवतीचं कंपाउंड बहुतेक अभ्यासकांच्या मते मलायी ‘कांपुंग’वरून आलं, म्हणजे वस्ती, वाडी. यूल आणि बर्नेल यांनी 1886 मध्ये छापलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात यावर चर्चा आहे. डॉक्टरांच्या कंपाउंडमध्ये उभा असलेला कंपाउंडर म्हणजे दोन खंडांची गाठ.

7. पुढची दोन स्टेशनं

उल्हासनगरनंतर अंबरनाथ. शके 982, म्हणजे इ. स. 1060 चा शिलालेख असलेलं शिलाहारांचं शिवमंदिर तिथे आहे, पण लॅटिन शोधायचं तर मंदिराकडून कारखान्याकडे वळावं लागेल. तिथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीला गावात नुसतं ‘ऑर्डनन्स’ म्हणतात. लॅटिन ‘ओर्दो’ म्हणजे रांग, क्रम. त्यावरून हुकूम, हुकमाने पुरवलेलं सामान, आणि शेवटी फक्त तोफा-दारूगोळा. सरकारचा अध्यादेश म्हणजे ‘ऑर्डिनन्स’ हा त्याच शब्दाचा जुळा भाऊ. एका स्वराच्या फरकाने एक मंत्रालयात गेला आणि एक अंबरनाथला.

मग बदलापूर. शिवकाळात इथे दौडीवरचे घोडे बदलत, म्हणून बदलापूर, असं गावकरी सांगतात. गावाच्या नावांच्या अशा कथा मी नेहमी चिमूटभर मीठ बाजूला ठेवून ऐकतो, कारण नाव आधी आणि कथा मागून असं पुष्कळदा घडतं. पण कथेतला व्यवहार खरा आहे. लांबच्या वाटेवर टप्प्याटप्प्याने ताजे घोडे ठेवत, थकलेला सोडून नव्यावर स्वार होत. युरोपात अशा ‘ठेवलेल्या’ टप्प्याला इटालियनमध्ये ‘पोस्ता’ म्हणत, लॅटिन ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे यावरून. त्या घोड्यांवरून पत्रं जायची, म्हणून पत्रांनाच ‘पोस्ट’ म्हणू लागले. बदलापूरच्या पोस्टात कोणी ही कथा सांगितली तर ती दुप्पट शोभेल.

8. देवळालीचा ताप आणि वळिवड्याचे पोलिश

कॅम्प नावाला चिकटून राहण्यात उल्हासनगर एकटं नाही. पुण्यात ‘कॅम्पात जाऊ’ म्हटलं की लष्कराचा संबंध कोणाला आठवत नाही, एम. जी. रोड आठवतो. नाशिकजवळ देवळाली कॅम्प आहे. तिथेही ट्रान्झिट कॅम्प होता. हिंदुस्थानातली नोकरी संपलेले गोरे सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथे थांबत. जहाजं थंडीच्या हंगामातच निघत, त्यामुळे चुकीच्या महिन्यात पोचलेल्याला अनेक महिने काम नाही, लढाई नाही, नुसतं ऊन. काहींची डोकी फिरत. इंग्रजीत अजूनही सटकलेल्या माणसाला ‘डूलॅली’ म्हणतात. तो शब्द म्हणजे देवळाली. सैनिकांचा मूळ शब्दप्रयोग ‘डूलॅली टॅप’ असा होता, आणि त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. लॅटिनमधून निघालेला कॅम्प नाशिकला आला आणि जाताना मराठी गावाचं नाव इंग्रजी शब्दकोशात सोडून गेला. शब्दांच्या देवघेवीत आपण फक्त घेणारे होतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा एक लक्षात ठेवावा.

कोल्हापूरजवळ वळिवड्याला 1943 पासून पोलंडच्या निर्वासितांचा कॅम्प होता. सुमारे 5 हजार माणसं, बरीचशी बायकामुलं. युद्ध संपल्यावर ते पांगले, आणि रिकाम्या जागेत सिंधी निर्वासित आले. आज तिथे गांधीनगर आहे, कापडाच्या बाजारपेठेसाठी ओळखलं जाणारं. उल्हासनगरची धाकटी आवृत्तीच, पण नावाचं नशीब वेगळं: वळिवड्याच्या कॅम्पाचं नगर झालं आणि तोंडी नगरच राहिलं.

गोव्यात हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला. पणजीत कांपाल नावाचा भाग आहे. पोर्तुगीज ‘कांपाल’ म्हणजे मैदानाचा, मैदानी. वर्तमानपत्रं बिनदिक्कत ‘कांपाल मैदान’ लिहितात. मैदानी मैदान!

‘कॅम्पस’ मात्र सर्वांत उशिरा, आणि अमेरिकेतून. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन इथल्या कॉलेजच्या आवाराला 1774 मधल्या एका पत्रात ‘कॅम्पस’ म्हटलेलं सापडतं. विद्यार्थ्यांनी इंग्रजांच्या चहावरचा राग म्हणून कॉलेजच्या साठ्यातला चहा तिथे जाळला होता. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या आधी कॅम्पसवर पहिलं काम झालं ते आंदोलनाचं.

9. कोशात एक नोंद हवी

रोमच्या काम्पुस मार्टियुसचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. साम्राज्याच्या काळातच तिथे देवळं, नाट्यगृहं, स्नानगृहं उठली. आजही उभं असलेलं पँथिऑन त्याच मैदानावर आहे. मध्ययुगात पाणी आणणारे कालवे तुटले तेव्हा लोक टेकड्या सोडून नदीजवळ याच भागात दाटीने राहू लागले. आज रोमच्या एका विभागाचं अधिकृत नाव ‘काम्पो मार्झिओ’ आहे. मार्सचं मैदान, आणि गल्ल्या इतक्या अरुंद की आभाळाची फक्त पट्टी दिसते. तिथल्या माणसाला आपल्या पत्त्यात मैदान कुठे आहे, हे विचारायची गरज वाटत नाही.

मराठी शब्दकोशांत ‘कॅम्प’ची नोंद करायची झाली तर छावणी, तळ, शिबिर एवढे अर्थ देऊन भागणार नाही. माझ्या मते चौथा अर्थ असा हवा: ‘पुल्लिंगी, उल्हासनगर शहराच्या पाच भागांपैकी प्रत्येक, नेहमी आकड्यासह, उदा. “कॅम्प तीन”, बोलताना शब्द गाळून नुसता आकडाही चालतो, उदा. “पाच नंबरला सोडा”.’ आणि पुढे कंसात एवढंच: कायम वस्ती.